बहुयजमानी प्लाझ्मिड : जीवाणूसृष्टीतील संचारी जनुके

जनुके मातापित्यांकडून अपत्यांकडे जातात, हे शालेय जीवशास्त्रातील आरंभीचे सूत्र होय. दाजीपूरच्या अरण्यातील गव्याचे पिल्लू गवाच होते आणि आजऱ्याच्या घनसाळ भाताच्या बियाण्यातून घनसाळच उगवतो. जीवाणूंच्या सृष्टीत मात्र हे सूत्र अर्धेच लागू पडते. तेथे जनुके एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जातातच. शिवाय ती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडेही जातात. हा शेजारी त्याच कुळातला असला पाहिजे असेही बंधन नाही. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जीवाणूचे एखादे जनुक मातीत राहणाऱ्या, त्याच्याशी फार दूरचे नाते असलेल्या जीवाणूच्या पेशीत जाऊन तेथे काम करू लागते.

या देवघेवीचे एक प्रमुख वाहन म्हणजे प्लाझ्मिड. त्यातही 'बहुयजमानी' म्हणून ओळखली जाणारी प्लाझ्मिडे विशेष विचार करण्यासारखी आहेत. ती कशी जगतात, कशी उत्क्रांत झाली आणि आपल्या घरातील औषधाच्या गोळीशी त्यांचा काय संबंध आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्लाझ्मिड म्हणजे काय?

जीवाणूच्या पेशीत केंद्रक नसते. त्याची आनुवंशिक माहिती डीएनएच्या एका मोठ्या, बहुधा वर्तुळाकार रेणूत असते. त्यास गुणसूत्र म्हणतात. अनेक जीवाणूंत या गुणसूत्राखेरीज डीएनएची आणखी एक किंवा अनेक लहान वर्तुळे आढळतात. ती स्वतःच्या प्रती स्वतंत्रपणे काढतात. अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये अशा गुणसूत्राबाहेरील आनुवंशिक घटकांसाठी 'प्लाझ्मिड' हा शब्द सुचविला.

आकारमानाची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण घेऊ. आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख आधारजोड्या असतात. या लेखात वारंवार येणाऱ्या आरके२ या प्लाझ्मिडात त्या ६०,०९९ आहेत. म्हणजे गुणसूत्र हा जाडजूड ग्रंथ मानला, तर हे प्लाझ्मिड त्याच्या सत्त्याहत्तराव्या हिश्शाएवढी पुस्तिका ठरते. ई. कोलायच्या एका पेशीत गुणसूत्रामागे तिच्या साधारणतः ५ ते ८ प्रती असतात.

बहुतेक वेळा या पुस्तिकेवाचून जीवाणूचे काही अडत नाही. पण संकटकाळी तीच त्याला तारते. एखादे प्रतिजैविक निष्प्रभ करणारे विकर, पाऱ्यासारख्या विषारी धातूपासून संरक्षण करणारी यंत्रणा किंवा एखादे अपरिचित रसायन अन्न म्हणून पचविण्याची क्षमता अशा प्लाझ्मिडावर नोंदलेली असते.

या वाहनाचे सामर्थ्य जगासमोर प्रथम आले ते जपानमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे रक्ती आव म्हणजेच अतिसाराचा एक प्रकार पसरला होता. त्यास कारणीभूत असलेल्या शिगेला जीवाणूंचे काही वाण सल्फा औषधे, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकाच वेळी दाद देईनासे झाले. चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच पेशीत जुळून येण्याची शक्यता अत्यल्प असते. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, हा चौपदरी प्रतिरोध एका पेशीतून दुसऱ्या पेशीत एकगठ्ठा जातो, आणि शिगेलाकडून ई. कोलायकडेही जातो. प्रतिरोधाची चारही जनुके एकाच प्लाझ्मिडावर बसून प्रवास करीत होती.

बर्मिंगहॅमचा जळीत कक्ष

शिगेला आणि ई. कोलाय हे निदान जवळचे आप्त आहेत. पुष्कळ प्लाझ्मिडे अशा जवळच्या आप्तांपुरतीच फिरतात. त्यांना अल्पयजमानी म्हणता येईल. त्यापुढची पायरी १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये आढळली. बर्मिंगहॅम ॲक्सिडेंट हॉस्पिटलच्या जळीत रुग्णांच्या कक्षात स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूचा उपद्रव फार असे. भाजलेल्या त्वचेवर तो सहज वाढतो आणि बहुतेक औषधांना तो उपजतच चिवट असतो. त्याच्यावर कार्बेनिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातील नवे औषध वापरात आले. थोड्याच काळात त्यालाही जुमानणार नाहीत असे वाण त्या कक्षात दिसू लागले.

हा प्रतिरोध प्लाझ्मिडावर होता, आणि त्याच कक्षातील क्लेब्सिएला या अगदी वेगळ्या कुळातील जीवाणूतही तसेच प्लाझ्मिड सापडले. निरनिराळ्या प्रयोगशाळांनी त्यास आरपी१, आरपी४ आणि आरके२ अशी नावे दिली. पुढे ही तिन्ही नावे जवळजवळ एकाच रेणूची आहेत, असे निष्पन्न झाले. त्याचा संपूर्ण अनुक्रम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲम्पिसिलिन-कार्बेनिसिलिन, कॅनामायसिन आणि टेट्रासायक्लिन अशा तीन प्रकारच्या औषधांना प्रतिरोध देणारी जनुके त्यावर आहेत.

संशोधकांनी हे प्लाझ्मिड इतर जीवाणूंत घालून पाहिले, तेव्हा ग्रॅम-ऋण जीवाणूंपैकी जवळजवळ ज्याच्यात घालावे त्याच्यात ते टिकले. १९८९ मध्ये जीवाणूंच्या याच हस्तांतरण यंत्रणेने यीस्टच्या पेशीतही डीएनए पोहोचविता येतो असे सिद्ध झाले. यीस्ट तर जीवाणूच नव्हे, ती कवकवर्गातील पेशी आहे. तेथे पोहोचणे आणि तेथे टिकणे या दोन गोष्टी अर्थातच निराळ्या आहेत. पण पोहोचण्याचा पल्ला किती लांब आहे, हे त्यावरून कळते.

अनेक घरी राहण्याची विद्या

परक्या पेशीत प्रवेश केलेल्या प्लाझ्मिडापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो स्वतःची प्रत काढण्याचा. डीएनएची प्रत काढावयाची म्हणजे दुपदरी साखळी उलगडणारे, नवी साखळी सुरू करणारे आणि ती पुढे वाढविणारे अशी अनेक प्रथिने लागतात. ही प्रथिने प्रत्येक जीवाणूजातीत थोडी वेगळी असतात. अल्पयजमानी प्लाझ्मिड एका विशिष्ट यजमानाच्या प्रथिनांवर अवलंबून असते. ती प्रथिने नसतील तेथे त्याचे काम ठप्प होते.

बहुयजमानी प्लाझ्मिडांनी या अडचणीतून दोन वाटा काढल्या आहेत. गावोगाव फिरणाऱ्या कारागिराचे उदाहरण घेतले तर त्या चटकन ध्यानी येतील. एक कारागीर आपली सगळी हत्यारे पिशवीत घालूनच निघतो. आरएसएफ१०१० हे अवघ्या ८,६८४ आधारजोड्यांचे प्लाझ्मिड अशा कारागिरासारखे आहे. प्रतीचा आरंभबिंदू ओळखणारे, डीएनए उलगडणारे आणि नव्या साखळीचा प्रारंभ करून देणारे अशी तिन्ही प्रथिने त्याच्या स्वतःच्या जनुकांवरून तयार होतात. यजमानाच्या या कामांतील प्रथिनांवर त्याला विसंबावे लागत नाही.

दुसरा कारागीर हत्यारे थोडी नेतो. पण ज्या कारखान्यात जाईल तेथील हत्यारे हाताळण्याचे कसब त्याच्या अंगी असते. आरके२ हे या प्रकारचे आहे. प्रत काढण्यासाठी त्याच्याजवळ ट्रफए नावाचे एकच आरंभक प्रथिन आहे. मात्र ट्रफएच्या एकाच जनुकातून, दोन वेगळ्या ठिकाणांहून वाचन सुरू होऊन, एक आखूड आणि एक लांब अशी दोन प्रथिने बनतात. ई. कोलायमध्ये त्यांपैकी कोणतेही एक पुरते. ते यजमानाच्या डीएनएए या प्रथिनाच्या साहाय्याने काम चालविते. स्यूडोमोनास एरुजिनोसामध्ये लांब प्रथिनाची गरज पडते. ते त्या पेशीचे डीएनए उलगडणारे विकर थेट स्वतःकडे ओढून घेते. एका जनुकाच्या दोन रूपांमुळे दोन भिन्न घरांचे दरवाजे उघडतात.

दुसरा प्रश्न पेशीच्या पहारेकऱ्यांचा. अनेक जीवाणू परका डीएनए ओळखून त्याचे तुकडे करणारी विकरे बाळगतात. ही विकरे डीएनएमधील ठरावीक अक्षरक्रम शोधतात. सहा अक्षरांचा एखादा क्रम योगायोगाने सरासरी ४,०९६ अक्षरांत एकदा येतो. म्हणजे ६०,०९९ आधारजोड्यांच्या आरके२मध्ये असा प्रत्येक क्रम सुमारे १५ वेळा यावयास हवा. प्रत्यक्षात इकोआरआय, हिंडथ्री आणि बॅमएचआय या प्रयोगशाळेतील तिन्ही सुपरिचित विकरांना त्यावर कापण्याजोगी प्रत्येकी एकच जागा सापडते. अनेक यजमानांच्या पहाऱ्यातून जाता जाता ज्या प्रतींवर अशा जागा अधिक होत्या त्या नष्ट होत गेल्या आणि ज्यांवर त्या कमी होत्या त्या उरल्या, असा याचा अर्थ शास्त्रज्ञ लावतात.

तिसरा प्रश्न टिकून राहण्याचा. पेशी विभागते तेव्हा दोन्ही कन्यापेशींना प्लाझ्मिडाची प्रत मिळेलच याची खात्री नसते. म्हणून आरके२ने वाटणी करणारी प्रथिने बाळगली आहेत. शिवाय एक कठोर उपायही योजला आहे. त्याच्यावरील एका जनुकजोडीतून एक विष आणि त्याचा उतारा अशी दोन प्रथिने तयार होतात. विष टिकाऊ असते, उतारा अल्पायुषी. ज्या कन्यापेशीला प्लाझ्मिड मिळाले नाही, तिच्यात नवा उतारा बनत नाही. जुना संपतो आणि मागे राहिलेले विष तिची वाढ रोखते. प्लाझ्मिड हरविणाऱ्या पेशीला त्याचे असे मोल द्यावे लागते.

चौथा प्रश्न पुढच्या घरी जाण्याचा. त्यास संयुग्मन म्हणतात. दाता पेशी ग्राहक पेशीच्या निकट संपर्कात येते. प्लाझ्मिडाच्या दोन पदरांपैकी एकाला ठरावीक जागी छेद दिला जातो आणि तो एकेरी पदर प्रथिनांनी बनलेल्या मार्गातून दुसऱ्या पेशीत सरकतो. दोन्हीकडे जोडीदार पदर नव्याने बनतो. त्यामुळे दात्याचे काही कमी होत नाही आणि ग्राहकाला संपूर्ण प्लाझ्मिड मिळते. आरके२चे संपर्कतंतू आखूड व ताठ असतात. त्यामुळे मोकळ्या द्रवापेक्षा पृष्ठभागावर त्याचे संयुग्मन अधिक यशस्वी होते. जखमेवरचा थर, रुग्णालयातील नळीच्या आतील बुळबुळीत लेप, नदीतील शेवाळलेला दगड, पिकाचे मूळ या त्याला सोयीच्या जागा होत.

औषधांच्या आधीचा काळ

अशी प्लाझ्मिडे माणसाच्या औषधांमुळे निर्माण झाली काय? या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या संग्रहाने दिले. ई. जी. डी. मरे या जीवाणुशास्त्रज्ञांनी १९१७ ते १९५४ या काळात अनेक देशांतून आतड्यातील जीवाणूंचे नमुने जमवून बंद नळ्यांत जपून ठेवले होते. त्यांत भारतातील नमुनेही होते. त्यांपैकी बहुतेक नमुने प्रतिजैविके सर्रास वापरात येण्यापूर्वीचे. १९८३ मध्ये व्हिक्टोरिया ह्यूज आणि नेओमी दत्ता यांनी या संग्रहातील ४३३ वाण तपासले. सुमारे चौथाई वाणांत एका पेशीतून दुसरीत जाऊ शकणारी प्लाझ्मिडे निघाली. मात्र प्रतिजैविकांना प्रतिरोध देणारी जनुके त्यांच्यावर जवळजवळ नव्हती.

या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. वाहने पूर्वीपासूनच रस्त्यावर धावत होती. १९४०नंतरच्या काही दशकांत त्यांच्यावर नवा माल चढला. प्लाझ्मिडाच्या रचनेकडे पाहिले तरी हेच दिसते. आरके२ आणि त्याच्या भाईबंदांत प्रत काढणे, वाटणी करणे आणि स्थलांतर करणे यांची जनुके हा एक स्थिर कणा असतो. त्या कण्यात दोन मोकळ्या जागा आहेत. बाहेरून उड्या मारीत येणारी जनुके प्रामुख्याने तेथेच बसतात, म्हणून कण्याच्या कामात त्यांचा अडथळा होत नाही.

माल कोणता चढेल, हे परिसरावर ठरते. रुग्णालयात प्रतिजैविकांचा मारा असतो, म्हणून तेथे प्रतिरोधाची जनुके निवडली जातात. शेतात चित्र वेगळे असते. आपल्याकडे उसाच्या रानात रुंद पानांच्या तणांवर फवारले जाणारे टू-फोर-डी हे तणनाशक शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९८१ मध्ये जेपी४ या प्लाझ्मिडाचे वर्णन केले. आरके२च्याच गटातील या प्लाझ्मिडावर टू-फोर-डीचे विघटन करणारी जनुके आहेत आणि पाऱ्याला प्रतिरोध देणारीही. ज्या कण्याने बर्मिंगहॅममध्ये रुग्णाच्या जिवाला धोका निर्माण केला, त्याच जातीचा कणा मातीत विषारी रसायन संपविण्याच्या कामी येतो. प्लाझ्मिडाला हितकर वा अहितकर अशी बाजू नसते. भोवतालची परिस्थिती ज्याला टिकवील ते टिकते.

तरीही नव्या यजमानाच्या घरी पहिले दिवस सोपे नसतात. प्लाझ्मिड वाहण्यात पेशीची ऊर्जा खर्च होते आणि वाढ मंदावते. मग दोघांतही बदल घडू लागतात. अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठात ईव्हा टॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुयजमानी गटातील एका लहान केलेल्या प्लाझ्मिडाला त्याला नीट न मानवणाऱ्या यजमानांत अनेक पिढ्या वाढविले. पुढे ते तेथे स्थिर झाले, तेव्हा ट्रफएच्याच जनुकात, आणि तेही लांब रूपाच्या आरंभीच्या भागात, उत्परिवर्तने पुन्हा पुन्हा आढळली. यजमानकक्षा ही कायमची ठरलेली मर्यादा नसून तीही उत्क्रांत होते, हे या प्रयोगाने दाखविले.

२०१५ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी मातीतील जीवाणूंच्या समुदायात आरपी४सह तीन बहुयजमानी प्लाझ्मिडे सोडून त्यांचा माग काढला. ती जीवाणूंच्या ११ निरनिराळ्या संघांत पोहोचलेली आढळली. प्राणिसृष्टीत संघ म्हणजे गांडूळ आणि गाय यांच्यामधील अंतर, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रवासाची व्याप्ती कळते.

पुणे आणि मुंबई

या विषयात महाराष्ट्राचाही वाटा आहे. बाळू आनंदा चोपडे यांनी १९८५ मध्ये इंग्लंडमधील पी. जे. वाइज व के. जे. टाउनर यांच्यासह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ॲसिनेटोबॅक्टर या जीवाणूत निरनिराळ्या गटांची प्लाझ्मिडे कशी शिरतात आणि शिरल्यावर कशी वागतात, हा त्याचा विषय होता. पुढे पुणे विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात त्यांनी हाच अभ्यास अनेक वर्षे चालविला. २०१४ मध्ये ते औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

त्यांच्या पुण्यातील कामापैकी एक प्रकरण कोल्हापूरच्या वाचकांना विशेष रोचक वाटेल. हुपरीमुळे आपल्याला चांदी परिचित आहे ती दागिन्यांची; वैद्यकात मात्र भाजलेल्या जखमेवर जंतुनाशक म्हणून चांदीयुक्त मलम लावतात. चांदीचे कण जीवाणूंना घातक असतात. १९९४ मध्ये देशपांडे आणि चोपडे यांनी परिसरातून मिळविलेल्या ॲसिनेटोबॅक्टर बौमानीच्या एका वाणाचे वर्णन केले. हा वाण १३ धातूंना आणि १० प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. चांदीपासून संरक्षण देणारी जनुके पीयूपीआय१९९ या सुमारे ५४ हजार आधारजोड्यांच्या प्लाझ्मिडावर होती आणि संयुग्मनाने ते प्लाझ्मिड ई. कोलायमध्ये गेले. गंमत अशी की, मूळ वाण चांदी पेशीत साठवून ठेवीत असे, तर तेच प्लाझ्मिड मिळालेला ई. कोलाय आत घेतलेल्या चांदीचा मोठा भाग बाहेर टाकीत असे. एकच प्लाझ्मिड, दोन घरे आणि दोन वर्तणुकी! या प्लाझ्मिडाचा पल्ला आरके२इतका विशाल आहे असे म्हणता येणार नाही. परंतु जनुकांचे काम यजमानाप्रमाणे कसे बदलते, याचे ते उत्तम उदाहरण होय.

ॲसिनेटोबॅक्टरकडे त्या काळी फार थोड्यांचे लक्ष होते. आज तो अतिदक्षता विभागांतील अत्यंत चिवट जीवाणूंपैकी एक मानला जातो. एनडीएम-१ या विकराचे जनुकही बहुधा याच जीवाणूत दोन वेगळ्या जनुकांचे तुकडे जोडले जाऊन तयार झाले असावे, असे २०१२ मध्ये संशोधकांनी दाखविले. हे विकर कार्बापेनेम गटाच्या औषधांना निकामी करते. इतर औषधे हरली म्हणजे डॉक्टर ज्या राखीव औषधांकडे वळतात त्यांपैकी हा गट होय.

मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. २००९च्या उत्तरार्धातील काही महिन्यांत त्यांना कार्बापेनेमला दाद न देणारे आतड्यातील जीवाणूंच्या कुळाचे २४ वाण मिळाले होते. त्यांपैकी २२ वाणांत एनडीएम-१ होते. पुढच्याच वर्षी दिल्लीतील पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष आले. रस्त्यालगत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि पिण्याच्या नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये हे जनुक सापडले. ज्या जीवाणूंत ते होते त्यांत पटकीचा आणि आवेचा जीवाणूही होता. अनेक वाणांत हे जनुक बहुयजमानी प्लाझ्मिडांवर स्वार झालेले होते, आणि त्यांचे स्थलांतर २५ किंवा ३७ अंशांपेक्षा ३० अंश सेल्सिअसला अधिक वेगाने होत होते. माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश. ३० अंश हे आपल्याकडील उबदार ऋतूतील उघड्या पाण्याचे.

वैऱ्याचा उपयोग

या प्लाझ्मिडांची बाजू सर्वस्वी काळी नाही. जनुक अभियांत्रिकीत एखादे जनुक प्रथम ई. कोलायमध्ये सोयीने तयार करतात आणि मग इच्छित पेशीत पाठवितात. वनस्पतींसाठी हे काम ॲग्रोबॅक्टेरियम हा मातीतील जीवाणू करतो. ई. कोलाय आणि ॲग्रोबॅक्टेरियम या दोहोंत टिकेल असे वाहन त्यासाठी लागते. म्हणून अशा अनेक वाहक प्लाझ्मिडांत आरके२चा प्रतआरंभबिंदू बसविलेला असतो. बर्मिंगहॅमच्या जखमांतून निघालेल्या रेणूचा एक तुकडा अशा रीतीने जगभरच्या कृषिसंशोधनात रोज वापरला जातो. रासायनिक विषांनी दूषित झालेल्या जमिनीत विघटनाची जनुके तेथील स्थानिक जीवाणूंपर्यंत पोहोचवावीत, अशा दिशेनेही प्रयोग चालू आहेत.

पंचगंगेच्या काठी

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकपरंपरेतील गुप्त सरस्वती यांच्या संगमातून पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. या वाटेवर शहरांचे सांडपाणी, गोठ्यांचे धुणे, कोंबड्यांच्या शेडमधील मळ आणि उसाच्या रानातून निथळलेले पाणी एकत्र येऊ शकते. माणसाच्या आतड्यातला, जनावराच्या पोटातला आणि मातीतला जीवाणू ज्या ठिकाणी एकाच दगडाच्या शेवाळावर शेजारी शेजारी बसतात, ती जागा बहुयजमानी प्लाझ्मिडांच्या दृष्टीने मोठा बाजारच म्हणावयाचा. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावे, ही मागणी म्हणूनच निसर्गसौंदर्यापुरती मर्यादित नाही. औषधांचे सामर्थ्य टिकविण्याशीही ती निगडित आहे.

शासनाने काही पावले उचलली आहेत. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ अमलात आले. त्यातील प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत आणि औषध दुकानदाराला त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. कॉलिस्टिन हे माणसासाठीचे अखेरच्या फळीतील औषध कोंबड्यांची व जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात मिसळले जात असे. २०१५ मध्ये चीनमध्ये त्यास प्रतिरोध देणारे जनुक प्लाझ्मिडावर आढळले आणि जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला.

कायद्याची अंमलबजावणी मात्र शेवटी घराघरांत होते. सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते. विषाणूंवर प्रतिजैविकाचा काही परिणाम होत नाही. तरीही मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या घेण्याची, शेजाऱ्याला लागू पडलेले औषध स्वतः घेण्याची किंवा दुकानदाराला विचारून काम भागविण्याची सवय आपल्यात आहे. अशा प्रत्येक गोळीने आजार पळत नाही. पण आतड्यातील अब्जावधी निरुपद्रवी जीवाणूंत मात्र निवड घडते. ज्यांच्याकडे प्रतिरोधाचे प्लाझ्मिड आहे ते उरतात आणि त्यांचा वाटा वाढतो. पुढे कधीतरी एखादा रोगकारक जीवाणू त्याच आतड्यातून जाताना ते प्लाझ्मिड घेऊन जातो. ज्याने गोळी घेतली त्याला कदाचित याची झळ लागणारही नाही. ती लागेल दुसऱ्याच घरातील तान्ह्या बाळाला, बाळंतिणीला किंवा शस्त्रक्रियेनंतर खाटेवर पडलेल्या वृद्धाला.

निवासी शाळेत राहिलेल्या मुलामुलींना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये. जेथे शंभर ताटे एका ओळीत मांडली जातात, तेथे एकाने हात न धुता भाकरीला हात लावला तर त्याचा परिणाम एकट्यावर होत नाही. जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुणे, पाणी उकळून किंवा शुद्ध करून पिणे आणि वेळेवर लसी घेणे या साध्या गोष्टींनी संसर्गच कमी होतो; संसर्ग कमी झाला की औषधाची गरज कमी होते आणि गरज कमी झाली की प्रतिरोधाची निवडही मंदावते. औषध घ्यावेच लागले तर ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितले तितके दिवस घ्यावे, उरलेले दुसऱ्याला देऊ नये.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या शिवाजी विद्यापीठाच्या किंवा अन्य कोठल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यास कराल. तुमच्या गावच्या ओढ्यातील जीवाणूंत कोणती प्लाझ्मिडे फिरत आहेत, त्यांवर कोणता माल चढला आहे आणि उसाच्या मुळाशी त्यांचे काय चालले आहे, हे प्रश्न तुमची वाट पाहत आहेत. १९६९ मध्ये एका जळीत कक्षातील जखमांचे नमुने काळजीपूर्वक तपासले गेले, म्हणून आपल्याला आरके२ कळले. पुण्यातील एका विभागाने फारसे कोणी न पाहिलेल्या जीवाणूकडे चिकाटीने पाहिले, म्हणून त्याची प्लाझ्मिडे कळली. जीवाणूंची जनुके कुळाची, स्थळाची आणि देशाची सीमा मानीत नाहीत. त्यांचा माग घेणाऱ्या अभ्यासकालाही रुग्णालय, गोठा, शेत आणि नदी या चारही ठिकाणी हिंडावे लागेल.